कडीबाईंची साक्ष

दार लावायला अक्कल लागते असं कोणी म्हणालं तर ऐकणारा हसेल. कडीबाई नगरसभेत कामाला लागल्या त्या दिवशी त्याही मनातल्या मनात हसल्या होत्या. सचिवांनी त्यांना सभागृहाच्या दोन पानी दाराशी नेऊन उभं केलं, आतली पितळी कडी दाखवली आणि म्हणाले, "मतं घ्यायची वेळ आली की मी घंटा दाबतो. घंटा वाजतेय तोवर येईल त्याला येऊ द्यायचं. थांबली की कडी. मग बाहेर कोण का असेना, मतं मोजून होईपर्यंत उघडायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. मात्र घंटा थांबायच्या आधी कडी लावलीत, तर झालेलं मतदान रद्द. आणि थांबल्यावर एकाला जरी आत घेतलंत, तरी रद्द."

ऐकायला सोपं वाटतं. पण सभागृहातली माणसं निवडून आलेली. आपण पोचेपर्यंत दारानं थांबावं अशी त्यांतल्या प्रत्येकाची अगदी प्रामाणिक समजूत असते. कोणी गोड बोलून पाहिलं, कोणी डोळे वटारून पाहिलं. तेव्हाच्या अध्यक्षांचे सख्खे भाऊ एकदा हातात चहाचा कप घेऊन रमतगमत येत होते, त्यांच्या नाकासमोर दार लागलं आणि चहा कोटावर सांडला. दुसऱ्या दिवशी कडीबाईंना अध्यक्षांच्या खोलीत बोलावणं आलं.

"मी येताना दिसत होतो ना तुम्हाला?" भावानं विचारलं.

"दिसत होतात."

"मग?"

"घंटा थांबली होती."

आडवेतिडवे प्रश्न झाले, नोकरीची भीती घालून झाली. कडीबाईंचं उत्तर काही हललं नाही. शेवटी अध्यक्षच भावावर वैतागले आणि विषय संपला. त्या दिवसापासून त्यांना कडीबाई हे नाव पडलं, आणि खरं नाव पगारापुरतं उरलं. पुढे पुढे तर अशी रीतच झाली की दारावरून वाद निघाला, की दोन्ही बाजू म्हणायच्या, कडीबाईंना विचारा. त्या म्हणतील ते खरं. एरवी आज कोणता वार यावरही ज्यांचं एकमत होत नसे, त्यांचं या एका गोष्टीवर होतं. माणसाला कशाचा तरी ताठा असतो. कडीबाईंना याचा होता, आणि का नसावा?

घरी मात्र हा ताठा चालत नसे. त्यांचे यजमान शहर बस चालवायचे. सगळा मोहल्ला त्यांना ड्रायव्हरकाका म्हणे.

"अख्ख्या नोकरीत धावत येणाऱ्याला टाकून मी बस हलवली नाही," ते म्हणायचे. "आणि तू लोकांच्या नाकावर दारं आपटतेस."

"तुमच्या बसमध्ये एक माणूस जास्त चढला तर कोणाचं काय बिघडतं? माझ्याकडे एक जास्त आला तर गावाचा निर्णय फिरतो."

"फिरू दे की मग, चांगल्या बाजूला."

"चांगली बाजू कोणती ते दारानं ठरवायचं?"

यावर ड्रायव्हरकाका हात जोडायचे आणि वर्तमानपत्राचं पुढचं पान वाचायला घ्यायचे. हे भांडण त्यांच्या संसारात इतकं मुरलं होतं की एखाद्या आठवड्यात झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

मग काकांच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग चेहरा, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता डायलिसिसवर काढायचं. नगरसभेच्या इस्पितळात, धोबीखान्याच्या शेजारी, या यंत्रांची एक खोली होती. दिवसाआड सकाळी कडीबाई त्यांना तिथे खुर्चीत बसवायच्या, गुडघ्यांवर चादर टाकायच्या आणि कामावर जायच्या. शेजारच्या खुर्चीत एक शाळकरी मुलगी असायची, पलीकडे एक शिंपी. काका सुरुवातीला त्यांना बसचे किस्से सांगून हसवायचे. पुढे हसवायची ताकद राहिली नाही, पण खोलीत सगळ्यात आधी येऊन सगळ्यांना "आलात का?" म्हणायचं त्यांनी सोडलं नाही.

आणि ती खोली बंद करायचा ठराव सभागृहात आला.

ठराव मांडणारा कोणी राक्षस असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. तो मांडला नाल्यापलीकडच्या वस्तीच्या सदस्यानं. म्हातारा माणूस, जन्मभर गवंडीकाम केलेला. त्याच्या वस्तीला पूल नव्हता. पाणी चढलं की बाळंतिणीला खाटेवर घालून, खाट खांद्यावर घेऊन नाला ओलांडावा लागे, आणि मागच्या वर्षी एक खाट उलटली होती. "माझ्या लोकांनी मला पुलासाठी निवडून दिलंय," तो म्हणाला. "दोन्ही व्हायला पैसा नाही असं तुम्हीच सांगता. यंत्रांच्या माणसांना मोठ्या शहरातलं इस्पितळ तरी आहे. आम्हाला दुसरा नाला आहे का?"

मोठं शहर म्हणजे पहाटे निघून संध्याकाळी परत, तेही दिवसाआड. डॉक्टरांनी कडीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही. उगाच आशा लावून ठेवू नका."

कडीबाई दाराशी उभ्या राहून मनातल्या मनात डोकी मोजत होत्या. काही केल्या हिशेब एकाच माणसावर येऊन अडत होता. त्यांच्याच प्रभागातून निवडून आलेल्या, औषधांचं दुकान चालवणाऱ्या औषधवाल्या बाई आत असल्या तर खोली वाचत होती. नसल्या तर दोन्ही बाजू सारख्या होत होत्या, आणि सारख्या झाल्या की अध्यक्षांचं मत. अध्यक्ष पुलाच्या बाजूचे, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाई नक्की येणार होत्या. त्यांनी शब्दच दिला होता. चर्चा रंगली तेव्हा त्या आतच होत्या. मग फाटकाशी रुग्णांची माणसं जमली आहेत असं कळलं, तेव्हा "दोन शब्द बोलून येते" म्हणून उठून गेल्या. जाताना कडीबाईंच्या दंडावर हात ठेवून गेल्या.

चर्चा अचानक आटोपली. ठराव मताला टाकला गेला आणि सचिवांनी घंटा दाबली.

घंटा सगळ्या इमारतीत घुमते, पण फाटकापर्यंत जात नाही. तिथे रस्त्याचा गोंगाट असतो. उपाहारगृहातून, जिन्यांवरून सदस्य लगबगीनं येऊ लागले. कडीबाई एक पान धरून उभ्या. औषधवाल्या बाई नाहीत. घंटा वाजतेय. लांब व्हरांडा मोकळा पडला. मग त्याच्या पार टोकाला बाई दिसल्या. एका हातानं कपडे सावरत, दुसऱ्या हातात चपला घेऊन पळत येत होत्या. कडीबाईंचे ओठ नकळत हलले, "पळा, बाई, पळा."

घंटा थांबली.

कडीबाईंनी दार लावलं. कडी घातली. दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची एक गोल खिडकी आहे. त्या खिडकीपलीकडे बाईंचा चेहरा आला, लालबुंद, घामाघूम. त्यांचा तळवा दारावर आपटला. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मधे फक्त ते लाकूड. कडी सरकवायला एक बोट पुरलं असतं.

मागे हात वर होत होते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. अध्यक्षांनी पुलासाठी हात वर केला, आणि खोली गेली.

दार उघडल्यावर औषधवाल्या बाई आत आल्या त्या धापा टाकतच. म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, माझी हरकत आहे. दार घंटा थांबल्यावर लागलं की आधी, हे मला बाहेरून नीट कळलं नाही. मी कोणावर आरोप करत नाही. पण हरकत नोंदवते."

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "नियमाप्रमाणे उद्या सकाळी माझ्या खोलीत ऐकू. कडीबाईंना विचारू. त्या म्हणतील तसं."

त्यावर दोन्हीकडच्या माना डोलल्या.

संध्याकाळी कडीबाई घरी आल्या तेव्हा दिवा न लावता ड्रायव्हरकाका पलंगाच्या कडेला बसले होते. नगरसभेच्या फाटकावर जाताना घातलेली चप्पल अजून पायात तशीच. त्यांना बातमी कळली होती.

"अगं," ते म्हणाले, "बाईंना मी धरून ठेवलं होतं."

कडीबाईंना आधी कळलंच नाही.

"फाटकापाशी आल्या. सगळ्यांशी बोलल्या. निघाल्या, तर मी हात धरला त्यांचा. म्हटलं, बाई, मत नक्की द्याल ना? त्या म्हणाल्या, देणार हो काका, सोडा आता. आणि मी सोडीनाच. त्या शिंप्याचं सांगितलं. त्या पोरीला परीक्षा द्यायचीय, तेही सांगितलं. त्या आपल्या मान हलवतायत, मागे वळून बघतायत, आणि मी मूर्ख बोलतोच आहे. उपकार मानत होतो गं त्यांचे. उपकार!" त्यांचा आवाज फाटला. "माझं जाऊ दे. माझं काय राहिलंय आता. पण त्या पोरीची खुर्ची मी घालवली. या तोंडानं घालवली."

ते रडू लागले. इतक्या वर्षांत कडीबाईंनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हाही नाही. सुजलेल्या हातांनी ते स्वतःच्या तोंडावर मारून घेऊ लागले. कडीबाईंनी हात धरले तरी ते थांबेनात. या माणसाचे आता थोडेच दिवस राहिले होते, आणि ते असे जाणार होते. कडीबाईंना ते बघवेना. आणि त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

"तुमच्यामुळे नाही झालं. मी दार आधीच लावलं."

काकांचे हात थांबले. "काय?"

"घंटा वाजत होती अजून. माझा गोंधळ झाला. हात चुकला. बाई वेळेत आल्या होत्या."

ज्या बाईनं अख्ख्या नोकरीत एक श्वास आधी कडी लावली नाही, तिनं हे म्हटलं. आपल्याकडे अभिमान बाळगण्यासारखी एकच गोष्ट आहे हे तिला माहीत होतं, आणि तीच तिनं काढून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. आता तो चिडेल, शिव्या घालील, तोंड फिरवील. चालेल. स्वतःला मारून घ्यायचं तर थांबवील.

पण काका चिडले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"अगं मग घाबरतेस काय वेडे! आधी लावलंस तर मतदान रद्द! तूच नाही का सांगायचीस मला? उद्या विचारणार आहेत ना तुला?"

हे कडीबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. स्वतःच्या कामाचा नियम, जो झोपेतून उठवून विचारला तरी त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला असता, तो त्या क्षणी डोक्यातून पार पुसला गेला होता.

"विचारणार आहेत," त्या म्हणाल्या.

"मग सरळ सांगायचं! हात चुकला म्हणायचं. चुकतो माणसाचा हात. नोकरी गेली तर गेली. आणि तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा, ऐकतील ते." ते खोलीत फेऱ्या मारू लागले. घरात कित्येक महिन्यांत पलंग ते मोरी यापलीकडे चालले नव्हते. "बघ, लोक म्हणतात ते सभागृह बड्यांचं. मी म्हणतो, नाही. आपलं आहे ते. आपण साधी माणसं, पण आपण खरं बोललो तर तिथे ऐकलं जातं. जातं की नाही?"

"कोणाला बोलू नका एवढ्यात," कडीबाई कशाबशा म्हणाल्या.

"छे, छे. उद्या झाल्यावरच."

त्यांनी दिवा लावला, जेवायला मागितलं, आणि जेवले. कडीबाई समोर बसून वाढत राहिल्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेली. उद्या "हो" म्हटलं तर खोली वाचेल, नवरा वाचेल, ती पोरगी वाचेल. "नाही" म्हटलं तर घरी येऊन काय तोंड दाखवायचं?

मग "हो" म्हणायचं. त्यात एवढा विचार तो काय? सकाळी नगरसभेची वाट चालताना त्यांनी तो शब्द किती वेळा घोळवला. हो साहेब, आधी लावलं. हात चुकला. तुम्ही-आम्ही असतो तर डोळे मिटून म्हटलं असतं, आणि कोणत्याही देवानं ते माफ केलं असतं. त्यांनाही म्हणायचंच होतं. जिभेवर तोच शब्द घेऊन त्या खोलीत शिरल्या.

आत अध्यक्ष, सचिव, औषधवाल्या बाई आणि तो म्हातारा गवंडी होता. कडीबाईंना पाहून म्हातारा खुर्चीतून उठला आणि त्यानं ती त्यांच्याकडे सरकवली.

"बसा," तो म्हणाला. "अध्यक्ष महाराज, यांना विचारायच्या आधी माझं एक लिहून घ्या. या आधी लावलं म्हणाल्या, तर माझा पूल गेला. मग मी पुन्हा येईन, पुन्हा हात जोडीन सगळ्यांना. पण यांच्या शब्दावर मी शंका घेणार नाही. माझ्या वस्तीला मी तेच सांगेन. या म्हणाल्या ना, मग संपलं."

त्याच्या नखांत अजून सिमेंट होतं. कडीबाई त्या नखांकडे बघत राहिल्या. त्यांना ती खाट आठवली, पाहिली नव्हती तरी आठवली.

"कडीबाई," अध्यक्ष म्हणाले, "दार घंटा थांबायच्या आधी लागलं का?"

"हो" ओठांपर्यंत आला होता. का कोण जाणे, पुढे सरकेना. त्यांना एकदम वाटलं, आज आपण हो म्हटलं तर उद्या कोणीही विचारील, मग त्या शाळेच्या ठरावाच्या वेळी? मग त्या पाण्याच्या ठरावाच्या वेळी? एका मताच्या फरकानं ठरलेल्या किती गोष्टी या कडीवर टांगलेल्या होत्या, आणि ही माणसं ती कडी पक्की समजून घरी जाऊन झोपत होती. असं सगळं त्यांना त्या क्षणी सुचलं, की ती नुसती हाडात मुरलेली सवय होती, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "घंटा थांबली होती."

सचिवांनी लिहून घेतलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोणीही दुसरा प्रश्न विचारला नाही.

कडीबाई बाहेर व्हरांड्यात आल्या. भिंतीला धरून त्या खाली बसल्या. औषधवाल्या बाई शेजारी येऊन बसल्या, तशाच जमिनीवर.

"बाई," कडीबाई म्हणाल्या, "तुम्हाला आमच्या यांनी धरून ठेवलं होतं."

"मी कोणाला बोलले नाही. बोलणारही नाही."

"त्यांना मी सांगितलंय की दार मी आधी लावलं. त्यांचा तोच समज राहू द्या. मी आत काय म्हटलं, ते घरापर्यंत येऊ देऊ नका."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग सगळं उमगून त्यांचा चेहरा पिळवटला. त्यांनी नुसती मान हलवली. बराच वेळ त्या दोघी तिथे बसून होत्या. ये-जा करणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

दुपारी कडीबाई घरी आल्या. ड्रायव्हरकाका दारातच उभे होते. दाढी केली होती. इस्त्रीचा सदरा घातला होता. तो आता खांद्यांवरून ओघळत होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं? हात चुकला म्हणून?"

"हो."

"मग? पुन्हा मतं घेणार ना?"

कडीबाईंनी पिशवी खुंटीला लावली. "नाही घेणार."

"म्हणजे? का?"

"ऐकलं नाही त्यांनी माझं."

काका बघत राहिले. त्यांना रागही आला नाही. हळूहळू मागे सरकत ते पलंगावर बसले.

"तुझं ऐकलं नाही?"

"नाही."

"इतकी वर्षं दार राखलंस त्यांचं, आणि तुझं ऐकलं नाही." ते स्वतःशीच बोलत होते. "तुझं नाही, मग आमचं कोण ऐकणार. मीच वेडा. साऱ्या जन्मभर लोकांना सांगत राहिलो, आपलं आहे ते, आपलं आहे. लोक हसायचे. बरोबर हसायचे." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "सगळं आधीच ठरलेलं असतं ना गं तिथे? तुला तर माहीतच असेल. खरं सांग."

एक शब्द पुरला असता. नाही हो, असं नसतं, तिथे ऐकतात, आज सकाळी माझा शब्द अख्ख्या खोलीनं मान खाली घालून ऐकला. पण तो शब्द उच्चारला असता तर त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं बाहेर आलं असतं, फाटकापाशी धरलेल्या त्या हातासकट.

"ठरलेलंच असतं," कडीबाई म्हणाल्या.

काकांनी मान हलवली, आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले. कडीबाईंनी त्यांच्या पायांवर चादर घातली.